‘शॉर्टसर्किट’चा सोयीस्कर आडोसा

आग विझते, पंचनामा होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरलेले वाक्य छापून येते : ‘आगीचे कारण शॉर्टसर्किट असल्याचे प्राथमिक तपासात समजते.’ आग झोपडपट्टीतील असो, कापडाच्या गोदामातील असो वा एखाद्या टोलेजंग इमारतीच्या बाराव्या मजल्यावरील असो. वाक्य बदलत नाही. प्राथमिक तपासानंतरचा तपास काय सांगतो, हे वाचकाला क्वचितच कळते आणि वाचकही ते विचारत नाही. शॉर्टसर्किट म्हणजे जणू आभाळातून कोसळलेली आपत्ती. तिला कर्ता नाही, म्हणून दोषीही नाही, अशी आपण सर्वांनी मिळून समजूत करून घेतली आहे.

ही समजूत चुकीची आहे आणि महागही. शॉर्टसर्किट ही बहुतेक वेळा घटनेची शेवटची कडी असते. तारेवरचे आवरण वितळले, दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या आणि ठिणगी उडाली, हे खरे. पण ते आवरण वितळले कशाने? या प्रश्नाचा माग काढत गेले, की अनेक घरांत आपण एका अतिशय सामान्य वस्तूपाशी येऊन थांबतो. दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात, कार्यालयात टेबलाखाली पायांत लोळणारी ही वस्तू म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, मल्टिप्लग किंवा एका आकाराची पिन दुसऱ्या आकाराच्या सॉकेटमध्ये बसवून देणारा अॅडॉप्टर. रस्त्यावरच्या गाडीवर शंभर-दीडशे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूवर आपण घराची सुरक्षितता सोपवली आहे आणि तसे करताना एक साधी गोष्ट विसरलो आहोत : मल्टिप्लगमुळे भिंतीवरची छिद्रे वाढतात, भिंतीमागच्या तारेची क्षमता वाढत नाही.

हिशेब अवघड नाही

आपल्या घरांत दोन प्रकारची सॉकेटे असतात. लहान सॉकेट सहा अँपिअरचे, मोठे सोळा अँपिअरचे. घरगुती वीजदाब २३० व्होल्ट धरला, तर लहान सॉकेटमधून १३८० वॅट आणि मोठ्यातून ३६८० वॅट एवढीच शक्ती सुरक्षितपणे घेता येते. आता स्वयंपाकघराकडे पाहू. इंडक्शनची शेगडी २००० वॅटची, पाणी उकळण्याची किटली १५०० वॅटची आणि मिक्सर ७५० वॅटचा. सकाळी डब्यांच्या घाईत ही तिन्ही उपकरणे एकाच बोर्डावर एकदम चालू झाली, तर भार होतो ४२५० वॅट, म्हणजे साडेअठरा अँपिअर. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये खोचलेल्या बोर्डाकडून आपण तिप्पट काम मागत असतो.

याउलट त्याच बोर्डावर मोबाइलचे दहा चार्जर लावले, तरी एकूण भार दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे एका अँपिअरहूनही कमी राहतो. बोर्ड गच्च भरलेला दिसतो म्हणून तो धोकादायक आणि एकच प्लग दिसतो म्हणून तो सुरक्षित, हा डोळ्यांचा निवाडा म्हणूनच फसवा आहे. विजेचा भार मोजायचा तो प्लगांच्या संख्येने नव्हे, वॅटने. ज्या उपकरणाचे काम उष्णता निर्माण करणे हे आहे, म्हणजे गिझर, इस्त्री, हीटर, पाण्यात सोडायचा रॉड, किटली, शेगडी, त्याला एक्स्टेंशन बोर्डाची सावलीसुद्धा पडू नये, हा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते.

भार वाढल्यावर नेमके काय होते, हेही समजून घ्यायला हवे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते आणि तिप्पट झाला, की नऊपट. घरगुती तारांवरील पीव्हीसीचे आवरण साधारणपणे सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, ठिसूळ होते, त्याला तडे जातात. ही झीज एका दिवसात होत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, सोफ्यामागे किंवा गालिच्याखाली ती गुपचूप चालू असते.

त्याहून मोठा धोका असतो सैल जोडाचा. प्लगची पितळी पिन आणि सॉकेटमधील पत्री यांची पकड घट्ट असेल, तर त्या जागी प्रवाहाला विरोध जवळजवळ नसतो. स्वस्तातल्या बोर्डात ही पत्री पातळ असते. चार-सहा महिन्यांत ती पसरते, प्लग हलू लागतो, वर लोंबू लागतो. समजा, त्या जोडाचा विरोध केवळ अर्धा ओहम झाला आणि त्यातून दहा अँपिअरचा प्रवाह गेला, तर त्या नखाएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता सतत निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील, कथिल वितळवणारी सोल्डरिंगची कांडी पुष्कळदा २५ वॅटची असते. तशा दोन तापलेल्या कांड्या प्लास्टिकच्या डबीत बंद करून आपण निर्धास्तपणे झोपी जातो. उष्णतेने पत्री आणखी सैल होते, तिच्यावर गंज चढतो, विरोध वाढतो आणि उष्णता अधिकच वाढते. प्लगच्या मुळाशी पिवळसर वा तपकिरी डाग दिसणे, प्लास्टिक जळाल्याचा मंद वास येणे, प्लग काढताना पिन हाताला चटका देणे, ही या दुष्टचक्राची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसले, तर तो बोर्ड दुरुस्त करू नये, टाकून द्यावा.

पिनेचा आकार हाच कायदा

सहा अँपिअरची पिन बारीक आणि सोळाची जाड का, असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आपल्या गोल पिनांची ही पद्धत १९३४ सालच्या एका ब्रिटिश मानकातून आली. आज प्लग आणि सॉकेटसाठी ‘आयएस १२९३’ हे भारतीय मानक आहे. या पद्धतीत जाड पिन लहान सॉकेटमध्ये शिरतच नाही, हे मुद्दाम केलेले आहे. अधिक प्रवाह खेचणारे उपकरण कमी क्षमतेच्या जागी लावता येऊ नये, यासाठी आकारानेच घातलेली ही बंदी आहे. ती समजायला साक्षर असण्याचीही गरज नाही.

बाजारात मिळणारा ‘पंधरा ते पाच’ असा कन्व्हर्टर ही बंदी दहा सेकंदांत मोडून टाकतो. त्याच्या एका बाजूला जाड पिनांसाठी छिद्रे असतात, दुसऱ्या बाजूला बारीक पिना. भाड्याच्या घरात न्हाणीघराबाहेर मोठे सॉकेट नाही, वॉशिंग मशीन तर आली आहे. मग हा कन्व्हर्टर आणला जातो आणि काम भागते. काम भागले, याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. भिंतीमागची तार दिव्या-पंख्यासाठी घातलेली आहे, हे त्या कन्व्हर्टरला ठाऊक नसते.

‘युनिव्हर्सल’ सॉकेटचीही तीच कथा. भारतीय गोल, अमेरिकी चपटी, ब्रिटिश चौकोनी अशी कोणतीही पिन त्यात शिरते. परंतु सर्वांना जागा देणारे छिद्र कोणालाच घट्ट धरत नाही. परदेशांतून येणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत तर गैरसमज अधिक खोल आहे. अमेरिकेत घरगुती वीजदाब १२० व्होल्टच्या आसपास असतो. तिकडे स्थायिक झालेल्या मुलाने आईसाठी आणलेला केस वाळवण्याचा यंत्रसंच येथे साध्या ट्रॅव्हल अॅडॉप्टरने जोडला, तर पहिल्याच मिनिटात जळण्याची शक्यता असते. कारण अॅडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतील असे बनवलेले असतात आणि तसे त्यांवर छापलेलेही असते. चार्जर चालला म्हणून मिक्सरही चालेल, हा तर्क तेथेच कोसळतो. येथून तिकडे नेलेल्या मिक्सरची गतही वेगळी नाही. निम्म्या दाबावर तो कण्हत राहतो. म्हणूनच अमेरिकेतील भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर वेगळे विकले जातात.

ट्रिप होणारा खटका कोणाचा रक्षक?

यावर एक हमखास उत्तर मिळते : ‘आमच्याकडे एमसीबी आहे, जास्त भार झाला की आपोआप बंद पडतो.’ हा विश्वास अर्धवट खरा आहे. एमसीबी हा भिंतीतल्या तारेचा रक्षक आहे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या पुढे गेल्याबरोबर बंद पडत नाही. मानकानुसार २३ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह तो जवळजवळ तासभर चालू देऊ शकतो. भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एवढे सोसते. परंतु पुढे जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची असेल, तर ती जेमतेम सहा-सात अँपिअर पेलते. तिच्यातून पंधरा अँपिअर वाहू लागले, तर वायर भाजून निघेल. पण एमसीबीच्या लेखी काहीच घडलेले नसेल. त्याच्या दृष्टीने सारे आलबेल आहे.

ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांची नवी पद्धत आणली, तेव्हा प्रत्येक प्लगच्या पोटातच एक छोटा फ्यूज बसवला. उपकरणाची वायर जेवढी पेलते, तेवढ्याचाच तो फ्यूज. आपण गोल पिनांची जुनी पद्धत कायम ठेवली आणि आपल्या प्लगांत फ्यूज आला नाही. त्यामुळे एक्स्टेंशन बोर्डाला स्वतःचा फ्यूज किंवा भार वाढल्यावर उडणारे बटण असणे, ही आपल्याकडे चैन नसून गरज आहे. बोर्ड विकत घेताना दिव्यांची रोषणाई आणि यूएसबीची छिद्रे पाहण्याआधी हे बटण आणि वायरची जाडी पाहावी. वायर गुंडाळून ठेवलेली असेल, तर वापरण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडू शकत नाही. आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचून केलेली साखळी तर कधीच वापरू नये, कारण साखळीतील सर्वांचा भार पहिल्या कडीवर येतो.

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ३० मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह शरीरातून काही काळ गेला, तरी जिवावर बेतू शकते. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. मर्यादेच्या पाचशे पटींहून अधिक. माणूस तारेला चिकटून तडफडत असला, तरी एमसीबीला त्याची जाणीव होणार नाही. त्यासाठी वेगळे साधन असते : आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ते क्षणार्धात वीज तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांत लहान भाराच्या जोडण्या वगळता घरगुती ग्राहकांकडे असे साधन असावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या घरात ते आहे काय, हे मीटरच्या पेटीजवळ जाऊन पाहिलेले वाचक किती असतील?

अर्थिंग नसेल तर रक्षक निःशस्त्र

संगणक घराघरांत आले, तेव्हा त्यांच्याबरोबर ‘स्पाइक गार्ड’ नावाची वस्तूही आली. महाराष्ट्रात भारनियमनाची जी वर्षे गेली, त्या काळात वीज परत येताना टीव्ही आणि फ्रिज जळाल्याच्या कहाण्या प्रत्येक गल्लीत ऐकू येत. त्यातून असा समज रुजला, की स्पाइक गार्ड लावला म्हणजे उपकरणाचा विमाच उतरवला. वस्तुस्थिती वेगळी आहे.

स्पाइक गार्डच्या पोटात असतो व्हॅरिस्टर. नाण्याएवढी, झिंक ऑक्साइडपासून बनवलेली एक चकती. नेहमीच्या दाबाला ती स्वस्थ बसते. पण लिफ्टची वा पंपाची मोटर बंद होताना किंवा दूरवर वीज कोसळल्यामुळे तारेतून क्षणभर हजारभर व्होल्टचा लोंढा आला, की ती वाट मोकळी करून तो लोंढा दुसऱ्या तारांकडे वळवते. या दुसऱ्या तारांपैकी एक म्हणजे अर्थिंगची तार. ज्या घरात अर्थिंगच नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडॉप्टरने जोडलेला आहे, त्या घरात लोंढ्याला जमिनीत जाण्याची वाटच उरत नाही. बोर्डावरचा लाल दिवा मात्र पेटलेला असतो आणि घरमालक निर्धास्त असतो. महागडा स्पाइक गार्ड अर्थिंगविना वापरणे, म्हणजे दाराला भक्कम कुलूप घालून मागची भिंत उघडी ठेवणे आहे.

दुसरे असे, की व्हॅरिस्टर प्रत्येक लोंढ्यागणिक थोडा थोडा झिजतो. त्याला आयुष्य असते आणि ते संपते. चांगल्या बनावटीच्या साधनात संरक्षण शिल्लक आहे की नाही, हे दाखवणारा वेगळा दिवा असतो आणि चकती तापल्यास तिला तोडणारा उष्णतेचा फ्यूज असतो. स्वस्त साधनात यांपैकी काहीही नसते. पुष्कळदा तो केवळ ‘स्पाइक गार्ड’ असे छापलेला साधा एक्स्टेंशन बोर्ड असतो.

तिसरी आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे न्यूट्रलची. तीन फेजच्या वाहिनीवरील न्यूट्रल तार रोहित्राजवळ वा इमारतीच्या मुख्य पेटीत तुटली, की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत दाब २३० वरून थेट चारशे व्होल्टच्या दिशेने चढतो. एकाच वेळी अर्ध्या वाडीतील टीव्ही जळतात, ते बहुधा यामुळे. हा क्षणाचा लोंढा नव्हे. न्यूट्रल जोडली जाईपर्यंत तो टिकतो. अशा दीर्घ दाबापुढे व्हॅरिस्टर तग धरत नाही. तो तापतो आणि उष्णतेचा फ्यूज नसेल, तर स्वतःच पेट घेऊ शकतो. येथे उपयोगी पडतो तो दाब वाढताच वीज तोडणारा ओव्हरव्होल्टेज कटऑफ. दाब हळूहळू कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर. वीज जाऊनही संगणक चालू राहावा असे वाटत असेल, तर यूपीएस. रोग वेगळा तसे औषध वेगळे. एकच मात्रा सर्वांवर चालत नाही.

आणि थेट जवळ कोसळलेल्या विजेपुढे तर घरातले कोणतेही साधन पुरे पडत नाही. मराठवाडा आणि विदर्भ यांना मान्सूनपूर्व वादळे नवी नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे अॅप परिसरात विजा कोसळण्याची पूर्वसूचना देते. ती मिळताच, गडगडाट डोक्यावर येण्याच्या आत, टीव्हीचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा सर्ज प्रोटेक्टर आहे. विजा चमकत असताना मात्र प्लगांना हात लावू नये.

अर्थिंगचे महत्त्व केवळ उपकरणांपुरते असते, तर गोष्ट वेगळी होती. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बाहेर निघतात. पत्र्याचे अंग, आत पाणी, खाली ओली फरशी आणि लांबून ओढलेल्या वायरीला लावलेला दोन पिनांचा प्लग. आतल्या मोटरची तार पत्र्याला टेकली, की सगळा कूलर जिवंत होतो आणि पाणी भरायला आलेली घरातील बाई किंवा खेळता खेळता हात लावणारे मूल त्याचा बळी ठरते. कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा, अर्थिंग तपासा, पाणी भरण्याआधी प्लग काढा, असे आवाहन महावितरण करत असते. तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, याचे उत्तर येथे आहे. वीज उपकरणात शिरण्याआधी जमिनीची वाट जोडली जावी, म्हणून ती लांब असते. तीच पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवणारा वायरमन आपल्याला ‘जुगाडू’ वाटतो. तो खरे तर एका जिवाची हमी कापून टाकत असतो. फ्रिजला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्यांवर ‘चपला घालून उघडा’ हा उपाय सांगणारी घरे आजही कमी नाहीत.

दोष केवळ ग्राहकाचा नाही

हे सारे ग्राहकांच्या अज्ञानाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मल्टिप्लग ही आधी गरज आहे, मग चूक. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात खोलीगणिक एखादेच सॉकेट असे, कारण खोलीगणिक उपकरणही एखादेच असे. आज त्याच खोलीत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, लॅपटॉप, दोन-तीन मोबाइल आणि वातानुकूलन यंत्र आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा चार्जर तर चार-सहा तास सलग, बहुधा रात्रभर, मोठा प्रवाह खेचत राहतो. त्यासाठी खिडकीतून वायर सोडलेल्या इमारती दिसू लागल्या आहेत. घर बदलले नाही, घरातला भार बदलला. भाडेकरूला भिंत फोडून नवी तार टाकण्याची मुभा नसते आणि घरमालकाला तशी इच्छा नसते. दोघांच्या मधल्या पोकळीत मल्टिप्लगचा धंदा उभा आहे. मोठ्या पिनेला जागा नाही म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काडीने दाबून ठेवण्याची कला आपल्याकडे जन्मली, ती हौसेने नव्हे.

बाजारावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची नसते. आयएसआय चिन्ह छापायला रंगाची एक डबी पुरते. खऱ्या चिन्हासोबत मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो क्रमांक घालून खरेखोटे पडताळता येते. ही सोय चांगली आहे. पण रस्त्यावरच्या गाडीपाशी उभे राहून परवाना क्रमांक पडताळणारा ग्राहक ही कल्पना जितकी आदर्श, तितकीच अवास्तव आहे. तपासणी गाडीपाशी नव्हे, माल बनतो व आयात होतो त्या ठिकाणी व्हायला हवी.

आणि घरांच्या तपासणीचे काय? पुरवठ्याशी जोडलेल्या प्रत्येक विद्युत मांडणीची तपासणी व चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी, अशी तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे सुरक्षा नियम केले, तेव्हाही ती कायम राहिली. आपल्या घरी मीटरचे रीडिंग घ्यायला दर महिन्याला कोणी तरी येते. अर्थिंग तपासायला कोणी आल्याचे स्मरणात असलेले वाचक शोधावे लागतील. विजेच्या वापराची मोजणी चोख आणि विजेच्या धोक्याची मोजणी शून्य, असा हा कारभार आहे.

दुर्घटना घडली, की ‘ऑडिट’ची घोषणा होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. राज्य हादरले, रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्णांचा बळी गेला. या दुर्घटनांची तांत्रिक कारणे मल्टिप्लगपेक्षा वेगळी आणि मोठी असतील; पण सरकारी रुग्णालयांत, जेथे आदेश देणारे आणि पाळणारे एकाच शासनाचे असतात, तेथे ही स्थिती असेल, तर चाळीतील खोलीची तपासणी कोण करणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेचा धक्का बसून बारा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शेतातले पंप, तुटलेल्या वाहिन्या, खांब आणि घरे हे सर्व त्यात आले. म्हणजे दररोज तीसहून अधिक मृत्यू. एवढी माणसे एखाद्या रोगाने दगावली असती, तर त्यावर मोहीम उघडली गेली असती.

काय करता येईल?

घरापुरते बोलायचे, तर काम फार मोठे नाही. परवानाधारक वायरमनकडून एकदा अर्थिंग तपासून घ्यावे आणि आरसीसीबी बसवून घ्यावा. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून तो चालतो की नाही, हे पाहावे. गिझर, वातानुकूलन यंत्र, शेगडी, वॉशिंग मशीन यांना भिंतीतले स्वतंत्र मोठे सॉकेट द्यावे. बोर्ड लागणारच असेल, तर तो तात्पुरता समजावा. आज आणलेला बोर्ड पाच वर्षांनीही त्याच जागी असेल, तर तेथे नव्या सॉकेटची गरज आहे, हेच तो सांगत असतो.

शासनाच्या पातळीवर मागण्या तशाच साध्या आहेत. जुन्या इमारतीची ठरावीक काळाने संरचनात्मक तपासणी करून घेण्याची सवय आपल्याला लागली. इमारतीच्या तारांची तपासणीही तिच्याबरोबरच का होऊ नये? घर भाड्याने देताना करारासोबत विद्युत मांडणी सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र जोडण्याची अट का घालू नये? गणेशोत्सवात मंडळांनी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, यासाठी महावितरण सवलतीचा दर देते. हीच बुद्धी जुन्या घरांच्या अर्थिंगसाठी वापरली, तर अनेक गरीब घरे सुरक्षित होतील. आणि आगीच्या प्रत्येक तपासात ‘शॉर्टसर्किट’ या शब्दापुढे एक रकाना असावा : ते कशामुळे झाले? वायर कोणत्या जाडीची होती, अर्थिंग होते काय, आरसीसीबी होता काय, बोर्डावर कोणते मानकचिन्ह होते? ही उत्तरे गोळा झाली, तरच पुढची आग टाळण्याजोगे काही हाती लागेल.

तोपर्यंत वाचकांनी एक करावे. आज रात्री झोपण्यापूर्वी टीव्हीमागचा आणि ओट्याजवळचा बोर्ड एकदा हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर प्लग काढून ठेवावेत. पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ म्हणून लिहिले जाणारे कारण कदाचित त्या उबेतच असते. ती वेळेवर हाताला जाणवली, तर तो पंचनामा लिहिण्याची वेळच येणार नाही.